आधी बोनेटवर दोन थापा

डुलूथमधल्या माझ्या पहिल्या जानेवारीत
आर्ने हॅल्वर्सननं मला गाडी विकली.
निळी, जुनी, दारांवर मिठाचे पांढरे ओघळ.
आणि किल्ली हातात ठेवायच्या आधी
पाऊण तास तिच्याभोवती फिरवलं,
म्हैस विकणारा माणूस
तिच्या खोडी सांगतो तसं.

"आधी बोनेटवर दोन थापा."
कशाला?
"मांजर असतं. उबेला इंजिनपाशी चढून झोपतं.
थापा मार, आणि एक श्वास थांब.
उतरायला त्याला वेळ लागतो."

मग गाडीच्या मागे जायचं.
धुराच्या नळीत अडकलेलं बर्फ
हातानं उकरून काढायचं.
हे त्यानं गुडघे टेकून दाखवलं,
त्र्याहत्तराव्या वर्षी,
आणि उठताना माझा हात धरला नाही.

गॅरेजचं दार पुरतं वर. अर्धं नाही.
मी म्हटलं, थंडी आत येईल की!
"येऊ दे," म्हणाला, "थंडी निदान कळते."

मिरजेत मी स्कूटर कलती करून
किक मारून, शिव्या घालून सुरू करायचे.
इथे शिव्यांचा उपयोग नाही.
इथे पाय ब्रेकवर, गिअर पार्कमध्ये,
ब्लोअर बंद, दिवे बंद, रेडिओ बंद:
बॅटरी गारठलेली आहे,
तिच्या डोक्यावर संसार ठेवू नकोस.
किल्ली अर्धी फिरव. लाल-पिवळे दिवे बघ.
ते काय म्हणतात ते ऐकून मग पुढची.
दहा सेकंदांत नाही उठली तर सोड तिला.
जरा वेळ गप्प बस.
पुन्हा विचार.

सुरू झाली की लगेच उष्ण हवा मागायची नाही.
तिच्याकडेच अजून नाही, तुला कुठून देणार?
पंखा एकवर. काटा हलेपर्यंत धीर.
मग सगळा वारा समोरच्या काचेवर,
आणि सोबत एसी लाव.
एसी? उणे सव्वीसमध्ये?
पहिल्यांदाच हसला.
"तो गारव्यासाठी नाही. हवा कोरडी करतो.
काचेवरचं धुकं बाहेरचं नसतं,
आपल्याच श्वासाचं असतं.
आणि हे बटण, आतली हवा आतच फिरवणारं,
हे बंद ठेव.
बाहेरची येऊ दे."

कढत पाणी काचेवर ओतू नकोस,
हे त्यानं सांगितलं नव्हतं.
ते मी माझं मी शिकले,
दोनशे ऐंशी डॉलरला.

मार्चमध्ये डायलिसिसच्या चार नंबरच्या खुर्चीत
त्याची बहीण होती, सॉल्वेग.
सुई लावताना सहज बोलले, तुमचा भाऊ फार काटेकोर.
ती छताकडे बघत राहिली.
"आम्ही तिघं होतो," म्हणाली.
"निल्स वादळात रस्त्यावर अडकला.
शहाणा मुलगा. गाडीतच थांबला, हीटर लावून.
बर्फ मागून चढत गेलं.
सकाळी आर्नेनं दार उघडलं
तेव्हा आत छान ऊब होती.
गाल लाल. झोपल्यासारखा."
मशीन फिरत होतं.
मी टेप नीट दाबून बसवली,
आधीच नीट बसलेली.

आता पहाटे साडेचारला निघते.
थापा. श्वास. मागे जाऊन गुडघे टेकते,
बर्फ पडलेलं नसलं तरी.
शेजारच्या खिडकीत कुणी उभं राहून मोजत नाही;
ते घर आता एका तरुण जोडप्याचं आहे,
त्यांची गाडी मोबाइलवरून सुरू होते,
रिकामी, आपली आपण.
एकदा त्यांना सांगायला हवं दाराचं.

तीन हिवाळ्यांत मांजर एकदाच निघालं.
करडं, एका कानाचं, माझ्यावर चिडलेलं.
सावकाश उतरलं, अंग ताणलं,
आणि आर्नेच्या जुन्या पायरीकडे गेलं.
मला त्या दिवशी सात मिनिटं उशीर झाला.
पंखा एकवरच ठेवला होता.