पावाची गाडी

गाडी पावाची होती. बेकरी बुडाली तेव्हा
इशेनबेक मास्तरांनी ती घेतली
दोन मेंढ्या आणि एका शिलाई मशीनच्या बदल्यात.
मशीन कुणाचं, ते त्यांच्या बायकोला विचारा.

मी वेल्डर. नारिनच्या बस डेपोत बावीस वर्षं
फुटके सायलेन्सर सांधत आले.
मास्तर म्हणाले, "छप्पर कापायचंय."
म्हटलं, "पाऊस आत येईल."
म्हणाले, "तेच तर गणित आहे, झूरा.
पाऊस बाहेर ठेवून
आभाळ तेवढं आत कसं घ्यायचं?"

कटर फिरवला. पत्र्याच्या सांध्यांतून
कित्येक वर्षांचं पीठ सांडलं,
माझ्या पापण्या पांढऱ्या.
कापलेलं झाकण सरकवायला रूळ मिळाले
शाळेतल्या जुन्या सरकत्या फळ्याचे.
त्यांच्या खाचेत अजून खडूची भुकटी आहे.

आरसा मास्तरांनी घासला.
काच जहाजाच्या खिडकीची.
समुद्र बघायला जिथून देशामागून देश ओलांडावे लागतात
तिथल्या बाजारात ती कशी आली,
विकणाऱ्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
अख्खा हिवाळा ते पिंपाभोवती फिरत होते,
पुढे, मागे, अर्धं पाऊल बाजूला,
पुन्हा पुढे, मागे,
घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर पट्टी असते.
आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक,
शेवटी लाल. बोटांची पेरं ईदपर्यंत लाल राहिली.
बायको म्हणाली, "एवढी घासली असतीत
तर घरातली भांडीसुद्धा आरसे झाली असती."

मे महिन्यात नळी उभी केली
आणि चंद्र नाचला.
कुणी शिंकलं, नाचला. कुणी पाय बदलला, नाचला.
गाडी म्हणजे शेवटी स्प्रिंगांवर ठेवलेला डबा.
मास्तर तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी मी गाडीखाली जाऊन पडले
(तिथे मला सुचतं)
आणि खालूनच ओरडले, "तळाला भोक पाडू!"
खांब थेट जमिनीवर टेकवायचा,
गाडीला कुठेही न शिवता.
माणसं गाडीत उभी राहतील,
दुर्बीण पृथ्वीवर.
मधे बोटभर फट.
आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम ती फट,
आणि तिच्यात एकही सांधा नाही.

जूनमध्ये सोन-कुलच्या कुरणांवर गेलो.
गाडीच्या अंगावर अजून 'नान' लिहिलेलं.
बायका पैसे घेऊन धावत आल्या,
पाव नाही कळल्यावर तशाच उभ्या राहिल्या.
म्हाताऱ्या शारकानने कापलेल्या छपराकडे मान वर करून पाहिलं.
"आमच्याही तंबूला वर भोक आहे," म्हणाली,
"त्याला डिझेल लागत नाही."
रात्री ढग. चहा झाला, पुन्हा चहा झाला,
माणसं झोपायला गेली. मास्तर बूट न काढता आडवे झाले.

तीन वाजता आभाळ मोकळं,
जागा फक्त ओरोझ, रात्रीचा घोडे राखणारा.
त्याने चाबूक दाराशी ठेवला, टोपी काढली,
डोळा लावला.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.
"कडं आहे त्याला," म्हणाला. मग,
"हे आत्ताचं आहे?"
"सव्वा तासापूर्वीचं," मास्तर म्हणाले,
"उजेडाला यायला तेवढा वेळ लागतो."
ओरोझने बोटांवर काहीतरी मोजलं.
"म्हणजे माझी घोडी व्यायली तेव्हाचं."
आणि पळत गेला.

परत आला तो मुलांची रांग घेऊन,
सगळ्यात मागे घोंगडीत गुंडाळलेली शारकान.
तिने सगळ्यांत जास्त वेळ घेतला.
पोरं कुरकुरली, तरी तिने डोळा काढला नाही.
गाडी हलत होती. शनी हलत नव्हता.
उतरताना म्हणाली,
घरचं सांगावं तसं,
"झाका आता. दव पडायला लागलंय."

मी रूळ ओढले.
बाराव्या बोल्टपाशी जरा अडतं.
नारिनला गेल्यावर बघू.