नारळांची वही

रात्री नारळ पडतो.
मागच्या परड्यात, धप्प.
मी खाटेखाली.

शेवंती दिवा लावत नाही.
नुसती जमिनीवर येऊन बसते, म्हणते,
"नारळ पडलो. आपलोच आसा."

वेंगुर्ल्याचे डॉक्टर सोलकर
त्या दिवसाचं काहीच विचारत नाहीत.
विचारतात, "माड किती?"
"अकरा."
"मग एक वही घाला. कुठला माड, किती वाजता,
तुम्ही कुठे गेलात, परत कधी आलात."
पहिलं पान गस्तीच्या अहवालासारखं:
शून्य दोन दहा. विहिरीकडचा. खाटेखाली.
पंचेचाळीस मिनिटं.

गेलेला पाय अजून बुटात आहे.
त्या सकाळी नाडी जरा जास्तच आवळली होती,
ती तशीच.
लव्हिनाबाई माझ्या मांड्यांमध्ये आरसा उभा धरतात.
मी साबूत पायात बूट घालून बसतो.
"सोडा," म्हणतात.
इकडची नाडी सोडली की आरशातलीही सुटते.
तीन आठवडे नुसताच आरसा.
मग एका मंगळवारी,
बाहेर कोणीतरी बांगड्यांचा भाव करत असताना,
नसलेली बोटं
एकेक करून
मोकळी झाली.
बाई बराच वेळ खिडकीकडे बघत राहिल्या.

पाय बनवणारा इरफान मिरजेहून आला.
किती चालणार, हे सगळेच विचारतात.
त्याने विचारलं, "कशावर?"
"पुळणीवर. रापण ओढायचीय."
तो ओल्या रेतीत उकिडवा बसला,
माझ्या एकुलत्या पावलाचा ठसा
वितीने मोजला, मग टेपने,
आणि तळवा रुंद केला, बदकासारखा.
पोरं हसली. मीही.

पहिल्या दिवशी तोंडावर पडलो.
दोर कोणी थांबवला नाही.
बरोबरच होतं. मासळी थांबत नाही.
उठेपर्यंत जाळं आठ हात पुढे गेलेलं,
आणि बाबी केळुसकराने
माझी जागा तेवढी
मोकळी सोडलेली.

काल पहाटे, साडेतीन.
कोपऱ्यातला माड.
उठून बसलो. पाय चढवला, पट्टे ओढले,
बॅटरी घेतली.
गवतात पडला होता,
देठाकडून अजून ओला.
कानाशी धरून हलवला.
आत पाणी होतं, नुसतं पाणी.
वहीत: परड्यात. सहा मिनिटं.

आज पुन्हा खाटेखाली.
तेही लिहिलं.
वर स्वयंपाकघरात शेवंती
कालचा नारळ खवत होती,
आणि विळीचा आवाज
मला चालत होता.