मोर, वोर

रात्रपाळी. खानापूरच्या दवाखान्यात
सलाइनचे थेंब मोजता मोजता
मी आयरिश पाठ करतो.
पुढच्या महिन्यात केरीला जायचंय.
चोर्ल्याच्या घाटाखालची केरी नव्हे, समुद्रापलीकडची.
तिथल्या वृद्धाश्रमात म्हणे म्हातारी माणसं
शेवटी शेवटी इंग्रजी विसरतात.

मोठा म्हणजे मोर.
नामाच्या मागून चालतं तिथलं विशेषण.
फर मोर, मोठा पुरुष.
पुढं बाई असली की त्याचा म विरघळतो,
मिटायला आलेले ओठ उघडेच राहतात:
बॅन वोर.

आपलं सगळं शेपटाला. मोठा, मोठी, मोठं,
दारात चपला बदलाव्यात तसं.
त्यांचं डोक्याशी.
उंबऱ्यातच वाकायचं.

गंगव्वा सिस्टर बँडेजच्या घड्या घालत ऐकते.
"आमचं बघ. दोड्ड हुडुग, दोड्ड हुडुगी, दोड्ड कल्लु.
दोड्ड कुणासाठी हलत न्हाई."
मग बंदनु आणि बंदळु कशाला गं, मी विचारतो.
ती घडी फेकून मारते.

पान अकरा. बायका अनेक झाल्या
की म परत येतो: म्ना मोरा.
एकटीपाशी मऊ पडलेलं अक्षर
घोळक्यात पुन्हा ताठ.
हा नियम मला पाठ करावा लागला नाही.
नंदगडच्या बाजारात, काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याभोवती
मिरचीवाल्या उभ्या राहिलेल्या मी बघितल्यात.
एकेकटीला कोण मोठी म्हणालं होतं?

पान बारा.
कॅलीन म्हणजे मुलगी. लिंग: पुल्लिंग.
कॅलीन मोर. म जागच्या जागी.
दोनदा वाचलं. छपाईची चूक नाही.

पुण्याच्या हॉस्टेलात मेट्रनबाई म्हणायच्या,
"आलो काय? मुलगी आहेस ना? आले म्हण."
वर्षभर मी आले, गेले, जेवले,
आरशासमोर झोपले म्हणून झोपले.
मग एका पहाटे इथल्या स्टँडवर उतरलो,
बॅग खाली ठेवायच्या आधी फोन लावला:
आई, आलो.
तिकडून ती काहीच बोलली नाही थोडा वेळ.

पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं
मी तिथं एक टिंब देतो.

सात नंबरची म्हातारी कूस बदलते.
"यारु?"
"नानु," मी म्हणतो,
आणि दिवा न लावता
पाणी गरम करायला जातो.