कोथिंबिरीला दोन तास

फैजपूरच्या बाजारातून कोथिंबीर आणायला
तात्यांना दोन तास लागायचे.
जुडी घरी पोचेपर्यंत मान टाकायची
आणि पिशवीतून आधी बातम्या निघायच्या:
सरोद्यांच्या धाकटीचं जमलं,
स्टँडवरच्या चहावाल्याचा गुडघा धरला,
निंभोऱ्याची टीम यंदा दोन ताडमाड पोरं आणतेय.
आईची फोडणी केव्हाच देऊन झालेली.
"तुमच्याआधी म्हैस येते घरी," ती म्हणायची.
"म्हशीला कोणी थांबवतं का, भो?" तात्या मला विचारायचे,
जणू मी पंच.

सोसायटीत हिशेबनीस. केळीच्या वॅगनचे नंबर
शेवटपर्यंत तोंडपाठ.
पण गावाला ते ठाऊक लिफ्टर म्हणून.
चेंडू उचलून द्यायचे ते,
मारायचा रऊफ मिस्त्री.
टाळ्या रऊफला. तात्यांना एक वाकडं बोट,
उजव्या हाताचं मधलं, रावेरच्या फायनलला मोडलेलं,
हळद लावून तसंच जुळलेलं.
त्या बोटाने ते वाट दाखवायचे तेव्हा
परगावचा माणूस हमखास चुकायचा.

मी चेंडू आला की डोळे मिटायचो.
एकदाच बघितलं त्यांनी ते.
दुसऱ्या दिवशी हातात खडू दिला, फळा दिला.
"सहा जण खेळतात, भो.
बघायला गाव लागतं. अन् लिहायला एक."
आठ वर्षं मी गुण लिहिले.
त्यांच्या बाजूने एकही वाढवला नाही,
याचं त्यांना कोण कौतुक.

मॅच संपली की रात्री दहाला
दारात बारा चपला जास्तीच्या.
आई न बोलता तुरकाठ्या पेटवायची,
वांगी भाजायची, कळण्याच्या भाकरी थापायची.
"हरलेल्यांना आधी वाढ," तात्या आतून सांगायचे,
"जिंकलेल्यांचं पोट काय, भरलेलंच असतं."
सावद्याचा एक पोरगा भरीत खाताना रडला होता.
तिखटाने, असं सगळ्यांनी मानलं.

गुडघे गेल्यावर खुर्ची आली, गळ्यात शिट्टी आली.
मग शिट्टीपुरता श्वासही राहिना,
तर माझ्या बायकोला टीव्हीपुढे बसवून
कबड्डीतला बोनस समजावू लागले.
तिच्या माहेरचे फोन आले तरी सांगायचे,
"पाच मिनिटं थांबा, ती रेडमध्ये आहे."

जळगावच्या दवाखान्यात नर्सने
नेमका त्याच बोटाला चिमटा लावला. आकडा येईना.
"ते बोट रावेरला असतं बाई," तात्या म्हणाले,
आणि अख्खी फायनल सांगितली, मास्क वर करकरून.
तिसऱ्या दिवशी वॉर्डातले सगळे
एकमेकांना नावाने हाक मारत होते.
चौथ्या दिवशी
त्यांचा डबा कोणीच उघडला नाही.

तेराव्यानंतर पोरं नेट मागायला आली.
माळ्यावरून काढलं. जागोजागी सुतळीच्या गाठी,
प्रत्येक गाठ दोनदा मारलेली.
रऊफचाचा ओट्यावर बसून
एकेक गाठ चाचपत राहिले. बोलले नाहीत.

संध्याकाळी एक भिडू कमी पडला.
"दादा, उभे राहा ना नुसते."
चोपन्न वर्षांचा मी, पायात घरातली सपाता.
चेंडू आला.
डोळे मिटलेच.
बोटांना काहीतरी लागलं, तिरपं उडालं,
आणि चेंडू सरळ भिरुडांच्या केळीत.

शोधायला अर्धा तास गेला.
अंधार पडत होता, पाटाला पाणी सोडलेलं,
चिखलात सपाता रुतत होती.
पानं बाजूला सारत बारा जण
काही ना काही बोलत होते.
कोणीतरी विचारलं, धाकटीचं कॉलेज कुठं आहे हो,
आणि मी सांगायला लागलो.