दोन टू

सावद्याला केळीच्या पॅकहाउसमागं
पाळी सुटल्यावर अर्धा तास
मी इंग्रजी शिकवते.
फळा म्हणजे खोक्याचा उलटा पुठ्ठा.

टू राइप टू सेंड.
पाठवता येऊ नये इतकी पिकलेली.
बोटांवरचा चीक चिंधीला पुसत
कौतिकबाई फेगडे विचारते,
“पन यात ‘नाही’ कुठी हाये, मॅडम?”

कुठंच नाही.
दोन टू. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं,
आपल्या अक्षरात जुळे भाऊ.
पहिला विशेषणाला आत घेऊन कडी लावतो,
दुसरा क्रियापदाचं बोट धरून
उंबऱ्याबाहेर उभा.

ती हसली. म्हणाली,
“आमच्यात सोयरिकीले आले का
चहा पिऊन असंच बोलता.
पोरगी जरा जास्तच शिकेल हाये.
बस. बशी खाली ठेवता, उठता.”

मग मी इनफ काढला.
हा मागून येतो, घाई नसल्यासारखा.
राइप इनफ टू ईट,
म्हणजे खा, पण आजच.
मराठीत हे सगळं एका ‘यला’वर भागतं :
तोडायला सोपी,
डाग न पाडता न्यायला अवघड.

घरी करायला एक वाक्य दिलं.
शी इज टू, गाळलेली जागा, टू, गाळलेली जागा.
कुणी लिहिलं, टू शॉर्ट टू रीच.
कुणी, टू टायर्ड टू कुक.

कौतिकबाईच्या वहीत एकच टू.
शी इज टू लर्न.

विशेषण राहिलं म्हणून
लाल पेनाचं टोपण काढलं.
पुन्हा वाचलं.
टोपण लावलं.