शेरा

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटे.
नेखामा गाडी टेकडीखाली उभी करते, इंजिन चालूच ठेवते,
तिच्या गुडघ्यांना ऊब लागते.
मी वही उघडते. रकाने चार:
वेळ, गेले, परत फिरवले, शेरा.

अडतीस वर्षे हैफात औषधांचे दुकान चालवले.
कसल्याही डॉक्टरचे अक्षर लागते मला.
शिपायाच्या मानेचा झटका
अजून लागत नाही,
या म्हणतो की जा.

फिरत्या दांड्यांचा दरवाजा. एका वेळी तीन.
मग हिरवा दिवा जातो
आणि रांग आपल्याच पाठीला चिकटते.

पावणेपाच. सत्तेचाळीस गेले, सहा परत.
सहांतला एक इद्रीस, पलीकडे फरश्या बसवतो.
सिमेंटने त्याच्या बोटांच्या रेषा खाल्ल्यात.
तो अंगठा पँटला घासतो, थुंकी लावतो, पुन्हा टेकवतो.
यंत्र म्हणते, हा तो नव्हे.
मी काचेपाशी जाते: अरे, रोज येतो हा माणूस.
आतला पोरगा, विशीचाही नसेल, ओठावर फोड उठलेले,
म्हणतो, आजी, मला काय सांगता, त्याला सांगा.
आणि यंत्राकडे बोट.
मनातल्या मनात मी त्याच्या ओठासाठी मलम काढून ठेवते.
काय करणार. दिवसातून पाच वेळा लाव, चोळू नकोस.

एक नंबर आहे माझ्याकडे. मी फिरवते.
पलीकडची बाई म्हणते, बघू.

उम्म वजदी माझ्या मोडक्या अरबीला हसते.
तू लिहितेस, मग काय होते त्याचे?
कपाटात जाते.
मोठे आहे का कपाट?
आहे.
मग माझेही घाल त्यात:
आज त्यांनी माझी किटली उलटी करून पाहिली.
आत चहा होता.

साडेसात. उजाडले, रांग संपली,
खाली पेपरचे कप आणि एक लहान मुलाचा मोजा.
इद्रीस गेलेला नाही.
पिशवीतून पाणसळ काढतो, काँक्रीटच्या ठोकळ्यावर ठेवतो,
मला जवळ बोलावतो. बुडबुडा पार एका टोकाला.
ज्याने हे बसवले, तो म्हणतो, त्याला मी
न्हाणीघराचीसुद्धा फरशी लावू दिली नसती.
हसतो. मग हसत नाही.

परतताना आमची गाडी कुणी अडवत नाही.
पिवळी पाटी पाहून शिपाई हात हलवतो, नेखामाही हलवते,
आणि पुढचे तीन किलोमीटर दोघी गप्प.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन येतो:
सांगितलेय, सोडतील त्याला.
मुकादमाने सहालाच दुसरा माणूस घेतला होता.

शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद आहे.
त्यात मी किटलीचे लिहिले.
बुडबुड्याचे लिहिले, डावीकडे, टोकाला.
पिवळ्या पाटीसाठी जागा उरली नाही,
असे मी नेखामाला सांगितले.