अर्जित रजा

हजेरीपटावर माझ्या नावापुढं आज
लाल शाईतला ‘र’.
मी मात्र रेकॉर्ड रूममध्ये, मागच्या खिडकीशी,
कडक भाकरी चटणीत मोडत,
एकशे बारा मिळकतींच्या तुंबलेल्या नोंदी घेऊन.

होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे लागलेत.
पाच दिवस टाकलेत, जाऊ की, असं लेकीला सांगितलंय.
आज तिसरा.

रेवणसिद्ध चहा ठेवतो, दार लोटून घेतो.
‘रजेवर असलात की लई काम करता, मॅडम.’
खरंय.
रजेवरच्या बाईला कुणी हाक मारत नाही.

दुपारी दार किलकिलं.
एक म्हातारे, खांद्यावर टॉवेल,
कारखान्यातनं आणलेला, काठ न शिवलेला.
‘येमूल बाई कुठं भेटतील?
साखर पेठेतलं घर, मंडळीच्या नावावर करायचंय.’
मान वर न करता मी म्हणाले,
‘रजेवर आहेत. सोमवारी या.’

जिन्यावर त्यांची चप्पल
थांबत थांबत उतरली.

मग ढीग उपसून
त्यांचीच फाईल आधी काढली.
नोंद घेतली, शिक्का मारला,
सही केली,
आणि सहीखाली तारीख घातली सोमवारची.

आज मी इथं नव्हतेच.